कादंबरीतला मुलगा मोठा कसा होतो, हे उत्तरात कसं लिहायचं: 'झोंबी'च्या सोबतीनं

'नायकाच्या व्यक्तिरेखेचा विकास स्पष्ट करा' हा प्रश्न दिसला की बहुतेक उत्तरं एकाच ठिकाणाहून निघतात. 'झोंबी' या कादंबरीचा नायक आनंदा घेतला, तर पहिलं वाक्य ठरलेलं: 'आनंदा हा जिद्दी, कष्टाळू, हुशार आणि प्रामाणिक मुलगा आहे.' पुढे प्रत्येक विशेषणाला एक प्रसंग जोडायचा, शेवटी 'अशा प्रकारे' म्हणायचं आणि पान उलटायचं. अशा उत्तरात मुलाचं वर्णन येतं, विकास मात्र कुठेच दिसत नाही. पहिल्या प्रकरणात जिद्दी असलेला मुलगा शेवटच्या प्रकरणातही तेवढाच जिद्दी असेल, तर मधली सगळी पानं लेखकानं कशासाठी लिहिली?

अकरावी-बारावीत किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेली आणि अख्खी कादंबरी प्रथमच अभ्यासाला लागलेली मुलं-मुली डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहिते आहे. मराठी शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्या शिक्षकांनाही यातून काही हाती लागेल. कोल्हापुरात शिकवत असल्यामुळे उदाहरणाला मी इथलीच कादंबरी घेते: आनंद यादव यांची 'झोंबी'. यादवांचा जन्म १९३५ सालचा, कागलचा. 'झोंबी' १९८७ मध्ये प्रकाशित झाली आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. ती आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे, आणि ही गोष्ट अभ्यासात फार महत्त्वाची ठरते, ती पुढे येईलच. सीबीएसईच्या शाळांतल्या मुलांनी हिच्यातला एक भाग हिंदीतून वाचलेला असेल. एनसीईआरटीच्या बारावीच्या 'वितान' या हिंदी पाठ्यपुस्तकात तो 'जूझ' या नावानं घेतला आहे. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवरचं गाव इथल्या मुलांनी आधी हिंदीतून वाचावं याचं मला वाईट वाटतं, म्हणून मूळ मराठी पुस्तक मिळवा असा माझा आग्रह आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहरात उभं आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात प्रत नसेल तर तिथं चौकशी करा.

कादंबरी मोठी आहे. मी सगळी उदाहरणं सुरुवातीच्या एकाच टप्प्यातली घेते: शिक्षण मधेच थांबलेला मुलगा पुन्हा शाळेत जाण्यासाठी काय करतो, तिथपासून तो कविता लिहू लागतो तिथपर्यंत. एवढा भाग नीट पाहायला शिकलात तर बाकीची कादंबरी तुमची तुम्हाला वाचता येईल.

पहिली पायरी: आधी नुसतं वाचा

पहिल्या वाचनात वही, हायलायटर, गाईड, सारांश यातलं काहीही जवळ नको. ज्या पानावर थांबावंसं वाटलं त्याचा आकडा एका चिठ्ठीवर लिहा आणि पुढे चला. का थांबलात ते आत्ता लिहू नका. पुस्तकाला पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना आहे. ती सुंदर आहे, पण शेवटी वाचा. आधी वाचली की पुढचं सगळं पुस्तक तुम्ही पुलंच्या नजरेनं वाचाल आणि उत्तरातही त्यांचीच वाक्यं उतरतील.

दुसरी पायरी: सुरुवातीचा मुलगा नीट पकडा

बदल दाखवायचा तर कुठून बदल झाला ते आधी सांगावं लागतं. इथं बहुतेकांची घाई होते. सुरुवातीच्या आनंदाबद्दल तीन गोष्टी शोधा: त्याला काय हवंय, ते कशासाठी हवंय आणि ते मागायला तो कुणाला घाबरतो.

पहिलीचं उत्तर सगळे बरोबर देतात: त्याला शाळा हवीय. दुसरीचं उत्तर बरेच जण सोडून देतात, आणि खरी मेख तिथंच आहे. शाळेत परत जायची तळमळ त्याला लागते तेव्हा त्याच्या डोक्यात साहित्य नाही, कविता नाही, 'ज्ञान' तर नाहीच. शेतात जन्मभर राबून हाती काही लागणार नाही, शिकलो तर नोकरी मिळेल, चार पैसे हातात खेळतील, एखादा धंदा करता येईल, असा त्याचा हिशेब आहे. गरीब घरातल्या पोराचा रोखठोक हिशेब. तो तसाच वहीत उतरवा, त्याला 'शिक्षणाची ओढ' असं गोड नाव देऊ नका.

कारण याच टप्प्याच्या शेवटी हाच मुलगा म्हशीच्या पाठीवर काठीनं कवितेच्या ओळी लिहितो. त्यातून नोकरी मिळणार नाही, चार पैसेही नाहीत. म्हणजे 'शाळा हवी' ही इच्छा कायम राहिली आणि तिच्या पोटातलं कारण बदललं. एवढं एक निरीक्षण तुमच्या उत्तरात आलं तर परीक्षकाला कळतं की उत्तर लिहिणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं आहे.

तिसरी गोष्ट भीतीची. वडिलांसमोर शाळेचा विषय काढायची त्याची छाती नाही. तो आईजवळ बोलतो, आणि कधी बोलतो तेही बघा. दिवाळीनंतरचं गुऱ्हाळ आटोपलंय, कामाचा रेटा कमी झालाय, आई उन्हात शेण्या थापतेय आणि हा तिला बादलीनं पाणी आणून देतोय. दोघांचेही हात कामात आहेत, जवळपास तिसरं कुणी नाही. मनातलं बोलायला त्याला हीच वेळ सापडते. हा मुलगा भित्रा आहे एवढं लिहून थांबू नका. त्याला वेळ ओळखता येते हेही लिहा.

तिसरी पायरी: वळण म्हणजे निवड

कादंबरीत घडतं पुष्कळ. ऊस तुटतो, पाऊस येतो, कुणी आजारी पडतं. यातली प्रत्येक घटना वळण होत नाही. पात्राला दोन वाटा दिसत असताना त्यानं एक धरली, ती जागा वळणाची. वही घ्या आणि अशा जागा काढा. प्रत्येकीसमोर तीन ओळी पुरे: दुसरी वाट कोणती होती, त्यानं ही का धरली, आणि त्याची किंमत काय पडली.

'झोंबी'तलं पहिलं मोठं वळण दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावरचं. वडील आईचं ऐकत नाहीत, शाळेचं नाव काढलं की अंगावर धावून येतात. गावात त्यांच्यावर ज्याचा शब्द चालतो असा माणूस म्हणजे दत्ताजीराव. मायलेकरं रात्री त्यांच्याकडे जातात, सगळं सांगतात, आणि आम्ही येऊन गेलो हे कळू देऊ नका अशी विनवणीही करतात. मग वडिलांना बोलावणं जातं. मुलगा पाठोपाठ जणू सहज आल्यासारखा तिथं पोचतो आणि ठरल्याप्रमाणे बोलतो. आईही घरी वेगळंच निमित्त सांगते. म्हणजे आनंदाच्या शिक्षणाची सुरुवात एका जुळवून आणलेल्या खोट्यावर झाली आहे.

वर्गात या जागेवर दरवर्षी कुणीतरी हात वर करतं. "मॅडम, त्यानं तर फसवूनच शाळा मिळवली. मग त्याला प्रामाणिक कसं म्हणायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो पडला की मला आनंद होतो, कारण विशेषणांची यादी तिथंच मोडते. माझं उत्तर असं: त्याला प्रामाणिक म्हणूच नका. अप्रामाणिकही म्हणू नका. प्रमाणपत्र देणं हे आपलं काम नाही. या प्रसंगात मुलगा काय शिकला ते पाहा. सरळ वाट बंद आहे हे त्याला कळलं. बाप कुणापुढे झुकतो हे कळलं. मोठ्या माणसाच्या तोंडून आपली गोष्ट कशी वदवून घ्यायची हे कळलं. गावातली सत्ता कुठे बसते याची त्याला आलेली ही पहिली समज आहे, आणि मोठं होण्यात हीसुद्धा येते.

त्याच प्रसंगात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तो वडिलांसमोर प्रथमच धीटपणे बोलतो, पण कुणाच्या जिवावर? दत्ताजीराव समोर बसलेत म्हणून. हा धीर उसना आहे. वहीत 'उसना धीर' असं लिहून ठेवा. पुढे तो आपल्या पायांनी शाळेत कविता शिकवणाऱ्या सौंदलगेकर मास्तरांच्या घरी जाऊन स्वतःची कविता दाखवतो, तेव्हा त्याच्या मागे कुणी मोठा माणूस उभा नसतो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की 'तो धीट झाला' हे वाक्य तुम्हाला लिहावंच लागत नाही. वाचणाऱ्याला ते दिसतं.

आणि किंमत? शाळा मिळते, पण वडिलांच्या अटींवर. सकाळी अकरापर्यंत शेतात राबायचं आणि तिथूनच शाळेत जायचं. शाळा सुटल्यावर गुरं चारायची. शेतात काम जास्त असेल त्या दिवशी शाळेला दांडी. म्हणजे कामातून सुटका झालीच नाही, कामावर शाळेची भर पडली. हे लिहायला विसरू नका, नाहीतर उत्तराला उगाच परीकथेची चव येते.

दुसरं वळण त्यापेक्षा लहान आहे, पण मला फार मोलाचं वाटतं. शाळेतला पहिला दिवस वाईट जातो. बरोबरीची मुलं पुढे गेलेली, वर्गात सगळी लहान आणि अनोळखी. एक द्वाड पोर त्याची खिल्ली उडवतं, त्याच्या डोक्याचा पंचा ओढून घेतं. यापेक्षा आपलं शेत बरं, असा विचार त्याच्या मनात येऊन जातो. ज्या शाळेसाठी एवढा खटाटोप केला तीच नकोशी वाटते. तरीही तो दुसऱ्या दिवशी जातो. इथं कुणी त्याला ढकलत नाही. वडिलांना तर तो गेला नसता तर हवंच होतं. वाड्यावरची निवड आईच्या साथीनं झाली होती. ही त्याची एकट्याची आहे. पुढच्या आठवड्यात तो आईच्या मागे लागून नवी टोपी आणि मळखाऊ रंगाच्या दोन चड्ड्या आणवतो, म्हणजे वर्गात वेगळं दिसू नये याची सोयही स्वतः करतो.

चौथी पायरी: जागा तीच, मुलगा दुसरा

एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मोठं होणं दाखवण्याची चांगल्या कादंबरीकारांची एक आवडती रीत असते: पात्राला पुन्हा त्याच जागी, त्याच कामावर उभं करायचं. काम तेच असलं की माणसातला फरक उठून दिसतो.

'झोंबी'त असं काम म्हणजे पिकाला पाणी पाजणं आणि गुरं राखणं. या कामांत एकटेपणा फार असतो. आनंदाला आधी तो टोचायचा. कुणीतरी सोबत असावं, बोलावं, हसावं असं वाटायचं. मग शाळेत सौंदलगेकर मास्तर भेटतात. ते कविता शिकवताना नुसता अर्थ सांगत नाहीत. चालीवर गातात, हावभाव करतात, कवितेत रंगून जातात. मुलगा कान देऊन ऐकतो, चाली उचलतो आणि शेतात आला की मोठ्यानं म्हणत सुटतो. हळूहळू त्याला एकटं असणंच आवडू लागतं, कारण एकटं असलं की गळा मोकळा सोडता येतो, नाचता येतं, अभिनय करता येतो. कवितेच्या नादात वाफा कधी भरला हेही त्याच्या ध्यानात राहत नाही.

या भागासाठी वहीची दोन पानं समोरासमोर उघडा. डाव्या पानावर 'आधी', उजव्यावर 'नंतर'. माझ्या वहीत डावीकडे असं आहे: पाणी पाजताना एकटा, सोबत हवी, वेळ सरत नाही, काम वडिलांचं. उजवीकडे: पाणी पाजताना एकटा; सोबत नकोशी; वेळ कुठे गेला कळत नाही; काम वडिलांचंच, पण वेळ आपला. चौथी ओळ बारकाईनं वाचा. काम कोणाचं हे बदललेलं नाही. शेत, वाफे, वडिलांची अट सगळं जागच्या जागी आहे. त्या तासांवर आता मुलाचा हक्क आहे, आणि तो त्याला कुणी दिलेला नाही.

अशा जोड्या आणखी सापडतील. लिहिण्याचं साहित्य घ्या. सुरुवातीला लिहिणं म्हणजे वर्गातली गणितं. नंतर खिशात कागद-पेन्सिल बाळगणं आलं, आणि कागद नसेल तेव्हा म्हशीची पाठ नाहीतर दगडाची शिळा. किंवा हाक घ्या. घरी आणि शिवारात तो 'आंद्या'. गणित शिकवणारे मंत्री मास्तर त्याला 'आनंदा' म्हणून हाक मारायला लागतात. या हाकेनं मुलगा कसा सुखावतो ते पुस्तकात वाचा. घरची आणि शाळेची हाक वेगळी होते तसं त्याचं जगही दुभंगतं.

पाचवी पायरी: भोवतालची माणसं काय करतात ते लिहा

'या पात्रांचा नायकावर प्रभाव पडला' हे वाक्य वहीतून हद्दपार करा. प्रभाव कसा पडला, कोणत्या कृतीतून, ते लिहा.

वसंत पाटील हा वर्गातला अंगानं किरकोळ पण गणितात पक्का मुलगा. आनंदा त्याचा हेवा करत बसत नाही. त्याच्यासारखी पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घालतो, दप्तर नीट ठेवतो, एकाग्र होऊन गणितं सोडवतो, आणि काही दिवसांत दोघं मिळून इतरांची गणितं तपासू लागतात. म्हणजे वसंतकडून त्यानं बाहेरची शिस्त उचलली आणि आतली हुशारी तिच्या मागोमाग आली. हा क्रम लिहा.

सौंदलगेकर मास्तरांचं काम निराळं. त्यांच्या दारात मालतीचा वेल आहे आणि त्या वेलावर त्यांनी कविता केलेली आहे. मुलानं वेलही पाहिलाय आणि कविताही. तोवर कवी म्हणजे कुणीतरी परलोकातला माणूस असं त्याला वाटत असतं. वेल आणि कविता एकत्र पाहिल्यावर उमगतं की कवी आपल्यासारखाच हाडामांसाचा असतो, आणि आपल्याही भोवती गाव आहे, शेत आहे, पिकं आहेत, त्यांच्यावर आपल्यालाही लिहिता येईल. मास्तरांनी उपदेश केला म्हणून हे झालं नाही. दारातल्या वेलामुळे झालं. पुढे मास्तर त्याला वरच्या वर्गांसमोर कविता म्हणायला उभं करतात, तेही लिहा.

आता वडील. त्यांना खलनायक करून टाकणं सोपं आहे, पण पुस्तक तसं करत नाही. त्यांच्या बाजूनं काय काय आहे ते शोधा. शेताला हात लागतात आणि पोराचे हात फुकटचे आहेत. इतरांच्या आधी गुऱ्हाळ लावलं तर गुळाला दर चढा मिळतो, म्हणून घाई. त्याच वेळी, मुलाला कामाला जुंपून स्वतः गावात मोकळं फिरायची त्यांची सवयही पुस्तक लपवत नाही. दोन्ही लिहा. या टप्प्यात वडील बदलत नाहीत, आणि त्यांचं न बदलणं लेखकाला हवंच आहे: ते जागचे हलत नाहीत म्हणूनच मुलगा किती पुढे सरकला ते मोजता येतं.

आईबद्दल उत्तरात एक ओळ येते, 'प्रेमळ व सोशिक'. तिच्यावर अन्याय होतो त्यात. वाड्यावर जायचा मार्ग तिच्या हिमतीशिवाय निघाला नसता, आणि नवरा चिडला तर मार तिलाही पडला असता. तिला वेगळा परिच्छेद द्या.

सहावी पायरी: सांगणारा कोण, हे विसरू नका

कादंबरी 'मी'नं सांगितलेली आहे, पण त्या 'मी'त दोघं जण आहेत. एक त्या वेळचा पोर, ज्याला पुढचं काही ठाऊक नाही. दुसरा वयानं, अनुभवानं मोठा झालेला लेखक, जो मागे वळून सांगतोय. पंचा ओढला गेल्याची लाज पोराची आहे. त्या लाजेकडे समजुतीनं पाहणारी भाषा लेखकाची. वाचताना वाक्यावाक्याला विचारा: हे त्या पोराला तेव्हा कळलं होतं, की लेखकाला नंतर कळलं? समासात 'पोर' किंवा 'लेखक' असं बारीक अक्षरात लिहीत जा. पाच-सहा पानांत नजर बसते.

नव्या वाचकांना ही पायरी अवघड जाते, पण वाढ दिसते ती या दोघांच्या मधल्या अंतरातच. संवाद आणि निवेदन वेगळं करून वाचलं तर ते ऐकूही येतं. संवादात कागलच्या मातीतली बोली आहे. ती बोली घरी बोलणाऱ्या मुलांनी वर्गात मोठ्यानं वाचावेत ते संवाद. कागल, मुरगूड, गडहिंग्लजकडून येणारी मुलं प्रमाण भाषेत बोलताना अडखळतात, पण हे संवाद त्यांच्याइतके चांगले दुसरं कुणी वाचत नाही.

सातवी पायरी: गाव आणि काळ

ही माहिती थोडी आणि उपयोगाची असावी. कागल हे राजर्षी शाहू महाराजांचं जन्माचं घराणं असलेल्या घाटग्यांचं गाव. शाहूंनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा जाहीरनामा १९१७ साली काढला. आनंदाची धडपड त्यानंतर तीसेक वर्षांनी चालली आहे. हे नुसतं लिहून काही होत नाही. त्यातून प्रश्न काढा. शाळा गावात होती, मास्तर होते, मग पोराला अडवत काय होतं? घरच्या कामाला लागणारे हात. एवढा धागा जुळला तर शाहूंचा उल्लेख उत्तरात शोभतो, नाहीतर तो ठिगळासारखा दिसतो.

जमलं तर दिवाळीनंतर एखाद्या गुऱ्हाळावर तासभर थांबा. चरक, काहील, चुलाण्याची धग, चिपाडं उचलणारी माणसं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं की महिनाभर असं काम करणाऱ्या पोराच्या अंगात संध्याकाळी किती त्राण उरत असेल याचा अंदाज येतो.

आठवी पायरी: उत्तर लिहा

एक परिच्छेद दोन तऱ्हांनी लिहून दाखवते. नेहमीचा असा असतो:

'आनंदाला सौंदलगेकर मास्तरांमुळे कवितेची आवड निर्माण झाली. त्यामुळे त्याचा एकटेपणा दूर झाला. यातून त्याची संवेदनशीलता दिसून येते.'

चुकीचं यात काही नाही, पण पुस्तक न वाचताही हे लिहिता येतं. आता हा पाहा:

'पिकाला पाणी पाजण्याचं काम आनंदाच्या वाट्याला शाळेआधीही होतं आणि शाळा सुरू झाल्यावरही राहिलं. आधी या कामात बोलायला कुणीतरी हवं असं त्याला वाटे. मास्तरांच्या कविता ओठांवर आल्यावर तो एकांत त्याला हवासा वाटू लागला, कारण एकटा असला की त्याला मोठ्यानं गाता येई, हावभाव करता येत. शेत तेच राहिलं, वडिलांची अटही तीच राहिली. नोकरीसाठी शाळा मागणारा मुलगा आता जिच्यातून पैसा मिळणार नाही अशा गोष्टीत रमला.'

विशेषण जवळजवळ एकही नाही. एक जागा, दोन वेळा, मधलं कारण आणि शेवटी सुरुवातीच्या इच्छेशी गाठ. मोठ्या उत्तरात असे तीन-चार परिच्छेद बसतात. जोड्या निवडताना वरची चौथी पायरी वापरा आणि क्रम कथानकाचा ठेवा. प्रस्तावना दोन ओळींची पुरे. पुस्तकाचा पुरस्कार, लेखकाची इतर पुस्तकं यात पहिलं पान घालवू नका. प्रसंग सांगण्यात वाहून जाऊ नका. परीक्षकाला कथा ठाऊक असते. वेळ कमी असेल तर माणसं कमी करा, जोड्या कमी करू नका. आणि 'आनंदा' आणि 'आनंद यादव' ही नावं एकमेकांच्या जागी वापरू नका. पुस्तक आत्मचरित्रात्मक असलं तरी तुम्ही पात्राबद्दल लिहिताय.

लिहून झालं की पेन्सिल घ्या आणि उत्तरातल्या प्रत्येक विशेषणाखाली रेघ ओढा. ज्याच्या आधी किंवा नंतर प्रसंग नाही ते विशेषण खोडा.

पुढचं पुस्तक

हीच रीत दुसऱ्या कादंबरीवर चालवून पाहा. यादवांचीच 'नांगरणी' ही 'झोंबी'च्या पुढची आहे. वेगळ्या हवेत जायचं असेल तर मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. २००४ सालची ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या, नववीतल्या मुकुंद जोशीची आहे. इथं शाळेत जाण्यासाठी कुणाशी झगडावं लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या पायरीचं उत्तर अगदी निराळं येईल. चौथ्या पायरीसाठी मात्र जागा आयती मिळते: मुकुंद आणि त्याचे मित्र जिथं जमतात ती अर्धवट बांधलेली इमारत. ती कादंबरीत जितक्या वेळा येते तितक्या वेळा वहीत नोंद करा: कोण आलंय, कोण आलेलं नाही, मुकुंद मित्रांना काय सांगतो आणि काय स्वतःजवळ ठेवतो.